चाकाची साक्ष

वाहनांचा इतिहास लिहिताना लेखणीचा ओढा बहुधा गतीकडे असतो. कोणते इंजिन किती अश्वशक्तीचे होते, कोणती मोटार ताशी किती मैल धावली, कोणी कोणाचा उच्चांक मोडला, याच्या नोंदी आपण हौसेने जपून ठेवतो. वाहन थांबले कसे, याची नोंद क्वचितच होते. आणि झालीच, तर ते वेळेवर न थांबल्यामुळे पोलिसांच्या पंचनाम्यात होते. ब्रेक ही विद्याच अशी आहे की ती सफल झाली म्हणजे काहीही घडत नाही. रस्त्यात आडवे आलेले मूल सुखरूप घरी जाते, आणि त्या दिवसाची आठवण कोणालाही राहत नाही.

श्रोतेहो, या दुर्लक्षित विद्येतील एका प्रकरणाचा इतिहास आज सांगावयाचा आहे. जोराने दाबला तरी चाक जखडू न देणारा ब्रेक, ज्याला आपण इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एबीएस’ म्हणतो, तो आला कोठून; तो बिघडला असता त्याचा दोष ओळखण्याची कला कशी घडली; आणि तो दोष ओळखण्याचा अधिकार कोणाचा, यावर वाद का माजला, हा त्या प्रकरणाचा विषय. रंगभूमी म्हणून मी दिल्ली आणि तिच्या भोवतीचा प्रदेश निवडला आहे. काश्मिरी गेटाजवळचा सुट्या भागांचा जुना बाजार, गुरगाव–मानेसरचे कारखाने आणि नियम करणारी सरकारी कार्यालये ही तिन्ही येथे काही कोसांच्या आत नांदतात. म्हणून हा इतिहास येथे एका दृष्टिक्षेपात दिसतो.

प्रथम मूळ अडचण समजून घेऊ. धावत्या गाडीचे चाक फिरत असते, तेव्हा त्याचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणापुरता रस्त्याच्या मानाने स्थिर असतो. म्हणूनच रबराची पकड टिकते. घाबरून ब्रेकवर सगळा भार टाकला की चाक फिरायचे थांबते. पण गाडी थांबत नाही, ती घसरत पुढे जाते. घसरणाऱ्या रबराची पकड फिरणाऱ्या रबराहून बहुतेक पक्क्या रस्त्यांवर कमी असते, आणि रस्ता ओला असेल तर ती आणखीच ढळते. त्याहून वाईट म्हणजे पुढची चाके जखडली की स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. चालक चाक डावीकडे वळवतो आणि गाडी सरळ जाऊन आदळते. जुने कसलेले चालक यावर एक युक्ती करीत. ते ब्रेक एकदम न दाबता दाबत आणि सोडत असत. परंतु संकटाच्या निमिषात ही युक्ती किती जणांना सुचावी? माणसाचा पाय सेकंदाला दोनतीन वेळांपेक्षा अधिक हे करू शकत नाही, आणि चारही चाकांना तो एकच आज्ञा देऊ शकतो. प्रत्येक चाकाची स्थिती वेगळी ओळखून हेच काम सेकंदाला अनेक वेळा करणारे यंत्र हवे, ही कल्पना येथून निघाली.

मौजेची गोष्ट अशी की या कल्पनेची पहिली गरज मोटारीपेक्षा विमानाला भासली. जमिनीवर उतरणाऱ्या जड विमानाचे चाक जखडले तर टायर क्षणार्धात झिजून फुटतो. फ्रान्समधील विमानांचे व मोटारींचे निर्माते गाब्रिएल व्हॉयझाँ यांनी १९२० च्या दशकात विमानाच्या ब्रेकांवर या दिशेने प्रयोग केले. जर्मनीत बॉश कंपनीने १९३६ साली चाक जखडणे टाळणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. पण कल्पना कागदावर राहिली. कारण चाकाची गती क्षणोक्षणी मोजून तितक्याच त्वरेने निर्णय घेणारे साधन त्या काळी कोणापाशी नव्हते.

१९५० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील डनलॉप कंपनीने ‘मॅक्सारेट’ या नावाचे साधन विमानांसाठी आणले. त्यात विजेचा संबंध नव्हता. चाकाबरोबर फिरणारे एक लहान जड चक्र त्यात असे. चाक एकाएकी मंदावले की ते जड चक्र आपल्या वेगामुळे पुढे सरके आणि तेवढ्या हालचालीने एक झडप उघडून ब्रेकवरचा दाब क्षणभर उतरवी. चाकाने पुन्हा वेग घेतला की झडप मिटे. ‘व्हायकाउंट’ जातीच्या विमानांवर हे साधन वापरले जाई, आणि तीच विमाने आपल्या इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात १९५७ पासून दाखल झाली. तेव्हा दिल्लीच्या भूमीवर चाक न जखडणारा ब्रेक पहिल्यांदा उतरला तो पालमच्या धावपट्टीवर, असे अनुमान करण्यास हरकत नाही. धावपट्टीच्या कुंपणापलीकडे रस्त्यावर टांगे, सायकली आणि साध्या ड्रम ब्रेकच्या मोटारी चालल्या होत्या. कुंपणाच्या आतली ही विद्या बाहेरच्या सामान्य मोटारीपर्यंत पोचण्यास पुढे जवळजवळ साठ वर्षे लागली.

या साठ वर्षांत जगात काय घडले ते थोडक्यात सांगतो. १९५८ साली इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने मॅक्सारेट बसवून रॉयल एनफिल्डच्या ‘सुपर मीटिअर’ मोटारसायकलवर चाचण्या घेतल्या. निष्कर्ष उत्साहजनक होते, तरी कंपनीने ती वस्तू विक्रीस आणली नाही. रॉयल एनफिल्ड हे नाव आपल्याला परके नाही; १९५५ पासून मद्रासमध्ये तिच्या ‘बुलेट’ तयार होऊ लागल्या होत्या. १९६६ साली ‘जेन्सन एफएफ’ या इंग्रजी मोटारीवर मॅक्सारेट बसले; परंतु ती मोटार एवढी महाग की जेमतेम ३२० तयार झाल्या. जर्मनीत टेल्डिक्स, बॉश आणि मर्सिडीज-बेन्झ यांनी विद्युत्-साधनांचा मार्ग धरला. आरंभीच्या नियंत्रकात सुमारे हजार सुटे घटक होते आणि त्यांतला एखादा केव्हा दगा देईल याचा नेम नसे. अंकीय परिपथ आले तेव्हा ही संख्या १४० वर आली, आणि १९७८ साली मर्सिडीजच्या ‘एस’ श्रेणीतील मोटारीत हा ब्रेक ग्राहकाला मिळू लागला. त्या पहिल्या संचाचे वजन सहा किलोंहून अधिक होते. पुढे ते दीड किलोच्या आसपास आले, किंमतही उतरत गेली, आणि श्रीमंतांच्या मोटारीतील नवलाई हळूहळू सर्वसाधारण मोटारीत शिरली.

आता दिल्लीकडे वळू. फाळणीनंतर पंजाबातून व सरहद्द प्रांतातून लोकांचे लोंढे दिल्लीत आले. त्यांतील अनेकांनी काश्मिरी गेटाच्या परिसरात मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने थाटली. १८५७ च्या सप्टेंबरात ज्या दरवाजावर तोफा धडधडल्या, त्याच्याच सावलीत पिस्टन, बेअरिंगे, ब्रेकचे लायनर आणि रबरी वॉशर यांच्या राशी लागल्या. पुढे हा देशातील सुट्या भागांचा एक अग्रगण्य बाजार झाला. मोतिया खान येथील भंगाराचा बाजार १९७० च्या दशकात मायापुरीस हलला, आणि मोडलेल्या गाडीतील चांगला भाग दुसऱ्या गाडीस बसवण्याची सोय तेथे झाली. त्या काळच्या रस्त्यांवर मोटारींच्या जाती मोजक्याच होत्या. उत्तरपाड्याची ‘ॲम्बॅसडर’, मुंबईच्या कुर्ल्याची ‘फियाट’, आणि मद्रासची ‘स्टँडर्ड’. जाती थोड्या आणि त्यांत फरक पडे तो वर्षानुवर्षांनी. त्यामुळे उस्तादाच्या हाताला त्या पाठ झालेल्या असत.

त्या उस्तादाची निदानपद्धती आयुर्वेदातील वैद्यासारखी होती. तो पाही, ऐके, स्पर्श करी आणि प्रश्न विचारी. ब्रेकचे पॅडल स्पंजासारखे मऊ लागले तर नळीत हवा शिरली आहे. ते हळूहळू तळाला जात असेल तर मास्टर सिलिंडरमधील रबर गेले आहे. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर दुसऱ्या बाजूच्या चाकात ब्रेक पोचत नाही, किंवा लायनरवर तेल सांडले आहे. खरखर आवाज आला तर लायनर संपून लोखंडाला लोखंड घासते आहे. चाकाला हात लावून कोणता ड्रम अधिक तापला हे तो सांगे. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. दहाबारा वर्षांचे पोर उस्तादाला पाने देत देत ती उचली, आणि त्यासाठी शाळा गमावी. या विद्येची ही किंमतही विसरता कामा नये. तिचे सामर्थ्य असे होते की दोष आणि इंद्रिये यांच्यामध्ये काहीही आड येत नव्हते. बिघडलेला भाग दिसे, आवाज करी, तापे किंवा गळे.

या जुन्या व्यवस्थेला पहिला धक्का दिल्लीच्या वेशीवरच बसला. १४ डिसेंबर १९८३ रोजी गुरगावच्या कारखान्यातून निघालेल्या पहिल्या ‘मारुती ८००’ ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या एका रहिवाशाच्या हाती दिली. हा पहिला मालक इंडियन एअरलाइन्सचा कर्मचारी होता. पालमला जी विद्या विमानांच्या चाकांत होती, ती या लहानग्या मोटारीत अर्थातच नव्हती. परंतु नव्या मोटारयुगाचा दरवाजा तिने उघडला. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर सुरजपूर, ग्रेटर नोएडा, गुरगाव आणि मानेसर येथे परदेशी सहकार्याच्या मोटारी निघू लागल्या. कार्ब्युरेटर जाऊन संगणकाने नियंत्रित होणारे इंधन आले, आणि त्यामागोमाग महागड्या मोटारींतून एबीएस आला. पुण्याजवळ चाकणला आणि गुरगावच्या परिसरात त्याचे भाग देशातच तयार होऊ लागले. वाहनांची कसोटी घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून होती. तिच्या जोडीला मानेसरला ‘आयकॅट’ ही तशीच संस्था उभी राहिली.

एबीएसची रचना ऐकताना अवघड वाटली तरी तत्त्वतः ती सोपी आहे. प्रत्येक चाकापाशी एक संवेदक, म्हणजे सेन्सर, असतो. त्याच्या समोर दातेरी कडे किंवा चुंबकीय पट्टी फिरते, आणि त्या फिरण्याने उमटणाऱ्या विद्युत्-स्पंदांवरून नियंत्रकाला त्या चाकाची गती समजते. चारांपैकी एखादे चाक इतरांच्या मानाने एकाएकी मंदावले, तर ते जखडण्याच्या बेतात आहे असे नियंत्रक मानतो. मग झडपांच्या पेटीतील त्या चाकाची झडप मिटते, दुसरी उघडते, दाब उतरतो, चाक सुटते, आणि पंप पुन्हा दाब चढवतो. त्या वेळी पायाखालचे पॅडल थरथरते आणि घरघर ऐकू येते. अनेक चालक या थरथरीला बिघाड समजून पाय काढतात. खरे पाहता त्या क्षणी पाय दाबून ठेवावा आणि गाडी वळवून अडथळा टाळावा, यासाठीच तर ही सारी यातायात आहे.

या यंत्राचा सर्वांत विलक्षण गुण म्हणजे ते स्वतःची परीक्षा घेते. किल्ली फिरवताच फलकावर पिवळा दिवा लागतो, काही क्षण सर्व जोडण्या तपासल्या जातात आणि ठीक असल्यास दिवा विझतो. तो विझला नाही, किंवा वाटेत पुन्हा लागला, तर यंत्र आपण होऊन बाजूला झालेले असते. साधा ब्रेक चालू राहतो. परंतु चाक जखडण्यापासूनचे संरक्षण गेलेले असते. त्याबरोबर लाल दिवाही लागला तर गाडी पुढे चालवू नये, प्रथम ब्रेक ऑइल पाहावे. उस्तादाच्या काळी दोष गाडीने अंगावर दाखवला तर कळे; आता गाडी बोलून दाखवू लागली. पण ती बोलते ती सांकेतिक भाषेत.

समजा, पावसाळ्यात नोएडाहून एक मोटार दुरुस्तीस आली आहे आणि तिचा पिवळा दिवा विझत नाही. शहाणा कारागीर प्रथम काही उघडत नाही. तो ब्रेक ऑइलची पातळी पाहतो, बॅटरीचा दाब मोजतो, फ्यूज तपासतो. कारण क्षीण बॅटरीही हा दिवा लावते. मग तो डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो. पडद्यावर समजा ‘सी ००३५’ असा संकेत उमटला. त्याचा अर्थ, पुढच्या डाव्या चाकाच्या संवेदकाच्या मंडलात दोष आहे. घाई करणारा माणूस येथेच नवा संवेदक मागवतो, बसवतो, पैसे घेतो. आणि दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

असे का होते? संकेत जे सांगतो ते एवढेच की त्या चाकाकडून येणारी वार्ता नीट पोचत नाही. वार्ता न पोचण्याची कारणे अनेक. चाक वर-खाली होताना आणि वळताना तार सतत वाकते आणि आतल्या आत तुटते. बाहेरचे वेष्टन मात्र शाबूत दिसते. तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर जोडणीत पाणी शिरून हिरवा गंज चढतो, आणि पावसाळ्यात मिंटो पुलाखाली पाणी साचते हे दिल्लीकरास सांगावयास नको. उभ्या गाडीत शिरलेले उंदीर तारा कुरतडतात. दातेरी कड्याला तडा जातो, किंवा चुंबकीय पट्टीवर ब्रेकच्या झिजेतील लोखंडी कीस चिकटून बसतो. काही गाड्यांत चुंबकीय पट्टी चाकाच्या बेअरिंगच्या एकाच बाजूला असते. बेअरिंग बदलताना ते उलटे बसवले गेले, तर चाक निर्वेध फिरते, आवाज येत नाही, सारे उत्तम दिसते, आणि संवेदकाला मात्र काहीच कळत नाही. अशा वेळी दहा संवेदक बदलले तरी दिवा विझणार नाही.

म्हणून खरा कारागीर संकेत वाचल्यावर काम संपवत नाही, तेथून आरंभ करतो. गाडी सावकाश चालवून तो पडद्यावर चारही चाकांची गती एकत्र पाहतो. तीन चाके ताशी वीस किलोमीटर सांगत असताना चौथे शून्य सांगत असेल, तर वार्ता मुळीच येत नाही. मधूनच गळत असेल, तर तार किंवा कडे संशयास्पद. मग तो गाडी पक्क्या आधारांवर उचलतो, तार हलवून पाहतो, मीटरने तिची अखंडता मोजतो, जुन्या पद्धतीच्या संवेदकाचा रोध मोजतो, नव्या पद्धतीच्या संवेदकाला वीज पोचते की नाही हे पाहतो, त्याचे टोक व समोरचे कडे स्वच्छ करतो. झडपांची पेटी हा सर्वांत महाग भाग; पण बहुतेक वेळा ती निर्दोष असते आणि दोष एखाद्या तारेत किंवा गंजलेल्या पिनेत निघतो. दुरुस्तीनंतर संकेत पुसून, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून, दिवा परत येत नाही याची खात्री करणे हा शेवटचा विधी. पेटी उघडावी किंवा बदलावी लागली, तर आत अडकलेली हवा काढण्यासाठी पुष्कळ गाड्यांत स्कॅनरकडूनच पंप चालवून घ्यावा लागतो. नुसते पॅडल दाबून ती निघत नाही.

याहून अवघड असा एक प्रकार आहे. कड्यावर गंज चढून किंवा त्याचा एखादा दात तुटून वार्ता किंचित बिघडते. इतकी थोडी की नियंत्रकाला ती खरी वाटते. मग सिग्नलपाशी गाडी अगदी थांबत आली असता पॅडल अकारण थरथरते आणि गाडी हातभर पुढे जाते. दिवा लागत नाही, संकेत उमटत नाही. यंत्राला फसवले गेल्याचे यंत्राला कळत नाही. येथे पुन्हा जुन्या उस्तादाची विद्याच कामी येते. तो मालकाला विचारतो, केव्हा होते, किती वेगात होते, पावसानंतर अधिक होते काय? आणि त्या उत्तरांवरून तो चाकापर्यंत पोचतो. न्यायालयाच्या भाषेत बोलायचे तर संकेत हा साक्षीदार आहे, निवाडा नव्हे. साक्षीदार बहुधा खरे बोलतो. कधी अर्धेच बोलतो. आणि क्वचित गप्प राहतो. उलटतपासणी माणसालाच करावी लागते.

परंतु उलटतपासणी करण्यासाठी साक्षीदार भेटला तर पाहिजे. इंजिनाच्या धुरासंबंधीचे संकेत वाचण्याची पद्धत जगभर बरीचशी एकसारखी झाली. अमेरिकेत १९९६ पासून तसे बंधनच आले. ब्रेकच्या संकेतांचे तसे नाही. बाजारात स्वस्तात मिळणारा वाचक पुष्कळदा इंजिनाचेच बोलणे समजतो, आणि एबीएसचे समजून घेण्यास त्या त्या कंपनीचे यंत्र व आज्ञावली लागते. ती जर कंपनीने आपल्याच अधिकृत कार्यशाळेपुरती राखून ठेवली, तर काश्मिरी गेटाजवळचा निष्णात कारागीर बधिर होतो आणि मालकाला दुसरी वाट उरत नाही.

हा प्रश्न दिल्लीतच ऐरणीवर आला. २०११ साली एका नागरिकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. चौकशीची व्याप्ती वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना दोषी ठरवून एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, आणि सुटे भाग व निदानसाधने स्वतंत्र कारागिरांस उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. कंपन्यांची बाजू अशी होती की अर्धवट शिकलेल्या हातांत ही साधने गेली तर ग्राहकाच्या जिवाला धोका आहे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. उलट्या बसवलेल्या बेअरिंगची गोष्ट आपण नुकतीच पाहिली. परंतु अज्ञानावर उपाय शिक्षण हा असतो, ज्ञानाला कुलूप लावणे हा नव्हे. अपिलात २०१६ साली न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांविरुद्धचे निष्कर्ष मुख्यतः उचलून धरले, दंडाची रक्कम मात्र कमी केली. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली. वस्तू विकत घेणाऱ्याला ती समजून घेण्याचा आणि आपल्या विश्वासातल्या कारागिराकडून दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे, हे तत्त्व अशा रीतीने चर्चेच्या मध्यभागी आले.

दरम्यान कायद्यानेही पाऊल टाकले. नव्याने बाजारात येणाऱ्या मोटारींना १ एप्रिल २०१८ पासून, आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना पुढील वर्षी त्याच तारखेपासून, एबीएस सक्तीचा झाला. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींनाही याच टप्प्यांनी तो नियम लागू झाला. ही सक्ती का करावी लागली हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. चाक न जखडणारा ब्रेक हा यावरचा रामबाण उपाय नव्हे. सैल वाळूवर किंवा खडीवर तो गाडी थांबवण्यास अधिक अंतर घेऊ शकतो. आणि म्युनिक शहरात टॅक्सींवर केलेल्या एका प्रसिद्ध पाहणीत असे दिसले, की हा ब्रेक असलेल्या गाड्यांचे चालक अधिक बेफिकीरपणे हाकू लागले आणि अपेक्षेप्रमाणे अपघात घटले नाहीत. यंत्राने दिलेली सवलत माणसाने उधळून टाकली. हिवाळ्यातील धुक्यात यमुना एक्स्प्रेसवेवर गाडी भरधाव सोडणाऱ्याला कोणताही ब्रेक पुरा पडणार नाही.

तरीही या नियमामुळे एक नवी जबाबदारी आपल्यावर आली आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. २०१९ नंतर विकल्या गेलेल्या मोटारी आता जुन्या होत आहेत. त्यांच्या तारा कडक होतील, कडी गंजतील, आणि लाखो फलकांवर तो पिवळा दिवा लागू लागेल. साधा ब्रेक चालू असल्यामुळे मालकाला तातडी वाटणार नाही. मग मोह होईल तो दिवाच विझवण्याचा. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात असे प्रकार घडतात हे जाणकारांना ठाऊक आहे. कोणी फलकातील दिवा काढून टाकतो. कोणी त्याची तार दुसऱ्या दिव्याच्या तारेला जोडून देतो, म्हणजे किल्ली फिरवताच तो लागतो आणि शिस्तीत विझतोही. विकत घेणाऱ्याला संशय येण्यास जागा राहत नाही. पुढे एखाद्या पावसाळी रात्री ब्रेकवर जोराने पाय पडतो, पॅडल थरथरत नाही, गाडी वळत नाही. त्या क्षणी ज्याच्यावर विश्वास ठेवला होता तो रक्षक कित्येक महिन्यांपूर्वीच निघून गेला होता, हे कळण्यास उशीर झालेला असतो.

पालमच्या धावपट्टीपासून काश्मिरी गेटापर्यंतचे अंतर अवघे काही कोसांचे. ते कापण्यास या विद्येला साठ वर्षे लागली; कारण प्रत्येक टप्प्यावर यंत्र अधिक शहाणे व्हावे लागले. ते आता पुरेसे शहाणे झाले आहे. ते स्वतःचा दोष स्वतः कबूल करते, जे माणसालाही सहसा जमत नाही. राहिलेले काम आपले आहे. उस्तादाच्या हाताखाली वाढणाऱ्या मुलाला शाळेचे शिक्षण आणि स्कॅनरचे वाचन ही दोन्ही मिळावीत. कारखान्यातील ज्ञान बाजारातील कारागिरापर्यंत पोचावे. आणि जुनी गाडी घेताना किल्ली फिरवून तो पिवळा दिवा लागतो का, काही क्षणांनी आपला आपण विझतो का, आणि शंका आल्यास स्कॅनरला चारही चाकांची वार्ता मिळते का, एवढे तरी ग्राहकाने पाहावे. चाकाने दिलेली साक्ष ऐकून घेण्याइतका वेळ आपण काढला, तर पंचनाम्यात लिहिली जाणारी कित्येक वाक्ये लिहिण्याची वेळच येणार नाही.